दोन इंजिनं आणि एक कावळा

माझ्या काकांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता, आणि त्याला कारण देशाची लढाऊ विमानांची खरेदी होती. हे मी नाही म्हणत, काकी म्हणतात. मी त्या वेळी काही म्हणण्याच्या परिस्थितीतच नव्हतो. नुकतंच डोकं भादरलेलं, अंगावर ओला पंचा, श्रावणातलं जव्हारचं धुकं, आणि समोर दर्भावर मांडलेले पिंड. काका-काकींना मूल नाही, त्यामुळे पुतण्या म्हणून हा सगळा मान माझ्याकडे आला होता. थंडीने दात वाजत होते आणि गुरुजींना वाटत होतं, मी मनातल्या मनात मंत्र म्हणतोय.

आधी काका सांगतो, म्हणजे कावळा समजेल.

काका एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. बिघडलेल्या गाडीजवळ गेले की लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, मान जरा उजवीकडे कलती करायचे आणि आत काय दुखतंय ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर ऐकायला इंजिनं उरली नाहीत, म्हणून ते माझं ऐकायला लागले. मी प्रकल्प कार्यालयात कारकून. कारकून असलो तरी काका मला ‘साहेब’ म्हणायचे, आणि ते कौतुकाने नव्हे.

रोज संध्याकाळी सहाला मी त्यांच्या ओट्यावर. काकी चहा आणून ठेवायच्या आणि आत जाऊन दार लोटून घ्यायच्या, कारण विषय ठरलेला असायचा: देशाने पुढचं लढाऊ विमान कोणतं घ्यावं? (आम्ही दोघांनीही लढाऊ विमान जवळून पाहिलेलं नाही. कधीतरी नाशिककडून एखादं डोक्यावरून जातं. मान वर करेपर्यंत आवाज उरतो आणि विमान गायब. काका तरी सांगायचे, “ठोके बरोबर आहेत.”)

मी राफेलच्या बाजूचा. दोन इंजिनं, भारी रडार, जगभर नाव. काका तेजसच्या बाजूचे. एकच इंजिन, पण आपलं. त्यांचा हिशोब सरळ डेपोतून आलेला होता. ते म्हणायचे, गाडी ती घ्यावी जिचा पार्ट आपल्या स्टोअरमध्ये मिळतो. मी म्हणायचो, काका, एक इंजिन बंद पडलं तर दुसरं कामाला येतं. त्यावर काका चहाचा घोट घेऊन म्हणायचे, दोन इंजिनं म्हणजे बिघाडाला दोन जागा. मग मी मोबाइलवरची माहिती वाचून दाखवायचो, ते मोबाइल पालथा ठेवायला सांगायचे, आवाज चढायचे, आणि पलीकडच्या घरातून कुणीतरी खिडकी लावून घ्यायचं. संरक्षण मंत्रालयाने इतक्या वर्षांत आम्हाला एकदाही विचारलं नाही, याचं दोघांनाही मनापासून वाईट वाटायचं.

एक नियम मात्र न ठरवता ठरलेला होता. शेवटचा शब्द कुणाचाच व्हायचा नाही. एकाने बाण सोडला की दुसऱ्याने, “उद्या सांगतो,” म्हणायचं आणि उठायचं.

तो नियम मी मोडला. एका संध्याकाळी काका ‘आपलं, आपलं’ करत असताना मी शांतपणे म्हणालो, “काका, तुमच्या त्या आपल्या विमानाचं इंजिनच परदेशातून येतं.”

काका गप्प झाले. उभ्या जन्मात ते माझ्यापुढे गप्प झाले नव्हते. ते फक्त, “बघतो,” म्हणाले, आणि बशीतला चहा तसाच निवला. मी उठलो तो तरंगतच घरी आलो. बायकोला, सुनंदाला, सांगितलं की आज म्हातारा चीतपट झाला, आणि त्या आनंदात दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. पुढचे चार दिवस मी ऑफिसच्या कामात अडकलो, ओट्यावर गेलोच नाही. (काम एवढं नव्हतं. जिंकलेल्या माणसाने थोडं दुर्मीळ असावं, असं मला वाटत होतं!) चौथ्या दिवशी दुपारी जेवून काका खुर्चीत बसले ते बसलेच. डॉक्टर म्हणाले, हृदय. पण आमची आळी डॉक्टरांचं ऐकत नाही. आळीने माझ्याकडे पाहिलं.

तर दहाव्याचा दिवस. गावाबाहेरचं तळं, आणि धुकं असं की तळं नुसतं पायाला लागून कळत होतं. आम्ही पाचच माणसं: मी, सुनंदा, काकी, गुरुजी आणि साखरशेतचा रामा. रामा डेपोत काकांचा हेल्पर होता. आता भात-नाचणी करतो. तो नाचणीची भाकरी फडक्यात बांधून घेऊन आला होता, काकांना आवडायची म्हणून.

गुरुजींनी कावळ्यांना हाका मारल्या. उत्तर लगेच आलं. डावीकडून काव, उजवीकडून काव, मग पाठीमागून, मग थेट डोक्यावरून. धुक्यातून एक पंखसुद्धा दिसत नव्हता, नुसता आवाज आमच्याभोवती गोल गोल फिरत होता. सुनंदा माझ्याजवळ सरकली. मी गुरुजींच्या जवळ सरकलो. गुरुजींना सरकायला जागा नव्हती, पाठीमागे तळं होतं.

मग सगळे आवाज एकदम थांबले आणि एक कावळा धुक्यातून चालत आला. उडत नाही, चालत! काळा कुळकुळीत, हाताला ग्रीस लागावं तसा. पिंडापासून दोन हातांवर थांबला, आमच्याकडे पाहिलं आणि मान उजवीकडे कलती केली.

रामाने हात जोडले. “दादा, काका असंच आयकायचे,” तो हळूच म्हणाला.

माझ्या भादरलेल्या डोक्यावर काटा आला. केस नसतानाही काटा येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, शब्द द्या. मी पुढे होऊन शब्द दिला की काकींना शेवटपर्यंत सांभाळीन. कावळा हलला नाही. काकी मात्र मागून म्हणाल्या की तू आधी तुझी स्कूटर सांभाळ, तीसुद्धा त्यांनाच बघावी लागायची. सुनंदाने शब्द दिला की त्यांची हत्यारांची पेटी कुणाला देणार नाही. कावळ्याने डोळा मिटला आणि उघडला, बस. रामाने भाकरीचा तुकडा पिंडाशेजारी ठेवला. कावळ्याने तुकड्याकडे पाहिलं, रामाकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे पाहायला लागला. माझ्याकडेच! मी दोन पावलं डावीकडे झालो तर त्याची मानही तेवढीच फिरली.

असा तास गेला. पंचा अंगावर वाळायच्या ऐवजी आणखी ओला होत होता. काकींनी पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. कावळा शिवल्याशिवाय घ्यायचा नाही म्हणाल्या होत्या, आणि त्या म्हणाल्या की म्हणाल्या. गुरुजींना मोखाड्याला दुसरं दहावं होतं. ते घड्याळाकडे बघून म्हणाले की शास्त्रात सोय आहे, दर्भाचा कावळा करून शिववता येतो.

“अख्खा संसार खऱ्या माणसाशी केला,” काकी म्हणाल्या. “आता गवताचा कावळा नको.”

कारण काय ते मला ठाऊक होतं. पहिल्या ‘काव’पासून ठाऊक होतं. मी त्या माणसाला शेवटचं जे बोललो ते त्याला हरवायला बोललो, आणि वर चार दिवस तोंड दाखवलं नाही. काकी माझ्यामुळे उपाशी उभ्या होत्या. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी कावळ्यासमोर गुडघ्यावर बसलो आणि म्हणालो की काका, तुमचंच बरोबर, देशाने तेजसच घ्यावं, राफेलमध्ये काही दम नाही.

कावळ्याने सरळ पाठ फिरवली.

मी खोटं बोललो की काका अगदी असेच पाठ करून बसायचे. सुनंदाने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. गुरुजी मंत्र थांबवून विचारायला लागले की तेजस कोण, घरातलं कुणी आहे का.

आणि तेवढ्यात काकींच्या पिशवीतून एक पुरुष बोलायला लागला. “तो दोस्तों, आज हम जानेंगे इंजन की असली कहानी…”

गुरुजींच्या हातातली पळी तळ्यात गेली. रामा खाली बसला. मी नेमका कुणाच्या गळ्यात पडलो ते सांगत नाही, पण गुरुजींनी नंतर उपरणं बदललं. काकींनी पिशवीतून काकांचा मोबाइल काढला. अर्धवट राहिलेला व्हिडिओ कुठेतरी बटण दाबलं जाऊन चालू झाला होता. त्यांनी तो बंद केला आणि त्या तळ्याच्या पायरीवर बसल्या.

“चार दिवस हेच बघत होते,” त्या म्हणाल्या. “तू बोलून गेलास ना, त्याचं उत्तर शोधत होते. त्या दुपारी सापडलं. पोटभर जेवले. म्हणाले, संध्याकाळी साहेब येऊ दे, आज सांगतोच. आणि खुर्चीत बसले.”

म्हणजे काका हरून गेले नव्हते. उत्तर खिशात घेऊन माझी वाट बघत गेले होते. मला एकदम रडू फुटलं, आणि ते आवरत मी विचारलं की काय होतं उत्तर?

काकी म्हणाल्या, त्यातलं त्यांना काही कळत नाही, पण पाठ आहे, चार वेळा ऐकवलं होतं. मग त्या उठल्या, पदर खोचला आणि पिंडांकडे तोंड करून हुबेहूब काकांच्या चालीत बोलल्या:

“साहेब, लाल गाडीचं इंजिन तरी आमच्या डेपोत कुठं बनायचं? तेही बाहेरूनच यायचं. पण घाटात गाडी बंद पडली तर आम्ही कुणाच्या नावाने हाका मारत बसलो नाही. बॉनेट उघडलं आणि हात घातला. ज्याला बॉनेट उघडता येतं, गाडी त्याची.”

कावळा वळला. एक उडी, दुसरी उडी. पिंडापासून वीतभर. चोच खाली गेली.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “पण काका, विमान आकाशात बंद पडल्यावर बॉनेट—”

कावळा टुणटुण तीन उड्या मागे!

चार माणसं माझ्याकडे ज्या नजरेने वळली, ती नजर मी त्याआधी फक्त ऑफिसात साहेबांच्या टेबलासमोर पाहिली होती. सुनंदाने तळहात माझ्या तोंडावर दाबला. रामा म्हणाला, “दादा, पाया पडतो, गप ऱ्हावा.” काकींनी नुसतं पाहिलं, आणि त्यांचे ओठ कोरडे पडलेले दिसले.

त्यांनी उत्तर पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. बॉनेट उघडता येतं, गाडी त्याची. कावळा पुन्हा वीतभरावर आला आणि थांबला. मान कलती करून तो माझं ऐकायला लागला, काका इंजिन ऐकायचे तसा. आत ठोका आहे का, बघत होता. आणि होता ना! माझ्या घशात अख्खं वाक्य तयार होतं. आकाशात बॉनेट कोण उघडणार, तिथे दुसरं इंजिनच लागतं, हे इतकं सोपं, इतकं बिनतोड वाक्य मला जन्मात पुन्हा सुचणार नव्हतं. पण काका ओट्यावर नसणार होते. उद्या सांगतो म्हणायला उद्याच नव्हता. मी ते वाक्य गिळलं. खरंच गिळलं, गळ्याला दुखलं. आणि पहिल्यांदाच शेवटचा शब्द त्यांचा राहू दिला.

कावळ्याने थोडा वेळ माझी शांतता तपासली. मग पिंडात चोच मारली, मोठा घास घेतला, जाता जाता रामाच्या भाकरीचा तुकडाही उचलला, आणि धुक्यात शिरला. त्यानंतर तळ्यावर एकही काव ऐकू आली नाही.

काकींनी तांब्या तोंडाला लावला आणि त्या घटाघटा पाणी प्यायल्या. मी पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. गुरुजींनी पाठीवर हात ठेवला आणि मोखाड्याची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

आता मी संध्याकाळी सहाला काकींच्या ओट्यावर जातो. त्या चहा देतात आणि दार लोटत नाहीत. विमानाचा विषय काढायचा नाही, असं आमचं ठरलंय. पण ते गिळलेलं वाक्य अजून जिरलेलं नाही. रात्रंदिवस आत ठोके देतं. शेवटी परवा मी सुनंदाला जवळ बसवून गंभीरपणे सांगितलं की मला काही झालं, आणि माझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही, तर घाबरू नकोस. पिंडासमोर उभं राहून एवढंच म्हण की आकाशात बॉनेट उघडता येत नाही, तिथे दुसरं इंजिनच लागतं.

सुनंदाने भाजी निवडता निवडता मान वर केली नाही.

“तुमच्या वेळी कोण वाट बघतंय,” ती म्हणाली. “आम्ही घरूनच दर्भाचा करून नेऊ.”