मावशी आणि पाच वायरी

चाळीस वर्षं नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळलेली बाई गाडीच्या बॉनेटला काय भिणार? ऐन प्रयोगात राजाचा अंगरखा खांद्यावर उसवला, तो दोन वाक्यांपुरता विंगेत आला, आणि तेवढ्यात या बाईने त्याच्या अंगावरच टाके घातले. अख्खी कंपनी तिला मावशी म्हणायची. पोटचा मुलगाही तेच ऐकून तेच म्हणायला लागला.

"मावशी, दहाला भंगारवाला येतोय," तो सकाळी म्हणाला. "त्याच्या आधी चालू झाली तर ठेव गाडी. नाही झाली तर हट्ट करायचा नाही."

"हट्ट तू कर. मी काम करते."

दौऱ्यावर कंपनीचे पेटारे ट्रकमधून जायचे. जरीचे, नाजूक कपडे मात्र मावशींबरोबर याच गाडीतून. महिनाभर गाडी रुसली होती. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने निदान केलं, की इंजिनातल्या ठिणग्यांची वाटणी करणारी डिस्ट्रिब्यूटरची कॅप तडकली आहे आणि एवढ्या जुन्या गाडीची कॅप आता मिळायची नाही. मावशींनी ती फोन करकरून शोधून काढली होती.

आठ वाजता त्यांनी गाडीची किल्ली खिशात टाकली आणि बाह्या सरसावल्या. कॅपमधून पाच वायरी निघत होत्या. मधली उघडच वेगळी. बाकीच्या चौघींना लाल, हिरवा, पिवळा, पांढरा दोरा बांधून त्यांनी एकेक उपटली. क्लिपा सोडून जुनी कॅप काढली, नवी बसवली, वायरी खोवल्या, किल्ली फिरवली.

सायलेन्सरमधून असा बार उडाला की गल्लीतली कबुतरं पसार झाली.

"सलामी छान झाली," सून खिडकीतून म्हणाली. "आता चहा घ्या नि नाद सोडा."

मावशी कॅपकडे बघत राहिल्या. चूक कळली, आणि ती अगदी त्यांच्या धंद्यातली होती. दौऱ्यावर रोज थिएटर बदलतं, खुंट्या बदलतात. म्हणून खूण कपड्याला करायची, खुंटीला कधीच नाही. इथेही दोरे वायरींना होते. कुठली वायर कॅपच्या कुठल्या भोकातली, याची खूणच नव्हती. साडेनऊ वाजले होते.

त्यांनी चारही वायरी पुन्हा उपटल्या आणि मोकळ्या सोडल्या. वर्षानुवर्षं घातलेला अंगरखा नटाचं कोपर विसरत नाही. या वायरीही एकाच जागी वाकून म्हाताऱ्या झालेल्या. लाल आपणहून डावीकडे कलली. पांढरी इतकी आखूड की दुसरीकडे पोचलीच नसती. मावशींनी जबरदस्ती केली नाही. जिची जिकडे ओढ, तिकडे तिला बसवलं.

मुलगा भंगारवाल्याला घेऊन फाटकात शिरला तेव्हा मावशींनी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि मग एका लयीत चालू लागलं.

"मेकॅनिक येऊन गेला वाटतं," मुलगा म्हणाला.

"कोणी आलं नाही," सून म्हणाली. "मी खिडकीतच होते. सगळं यांनी केलं." आणि हे तिने शेजारच्या घरातही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

भंगारवाला बॉनेटखाली वाकून ते रंगीत दोरे न्याहाळत होता. मग मान खाजवत म्हणाला, "बाई, माझा टेम्पोपण सकाळी धक्का मारल्याशिवाय चालू होत नाही. आज तर घरीच ठेवून आलो."

मावशींनी हात पुसले, बॉनेट लावलं आणि स्टिअरिंगमागे ताठ बसून शेजारचं दार उघडलं.

"बसा. कुठे उभा आहे, दाखवा."