ओमानतर्फे रामकृष्ण

रामकृष्णाचं भांडण मी मस्कतमधल्या आमच्या अल् घुब्राच्या बिल्डिंगच्या जिन्यात ऐकलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. तो इथल्या मराठी मंडळाचे स्पीकर वर आणत होता, आणि खिशातल्या फोनवर त्याची बायको गंगुबाई कोकणातून कडाडत होती, "तुमी गाऊक लागलास की म्हस दूध देणा नाय! थंय वाळवंटात काय ता गावा!"

"बरा, हयच गातलंय!" म्हणून ह्याने फोन बंद केला.

पण गायला मिळतंय कुठे? गाला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या गॅरेजात गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे आणि सुट्टीच्या दिवशी मंडळाचा माइक लावायचा. माइक तपासताना एक ओळ म्हटली, की अध्यक्ष चंद्रशेखर ओरडायचे, "खलास, रामकृष्ण!" खलास म्हणजे इथल्या अरबीत 'पुरे'.

"आजी, घराक परतायच्या आदी एकदा तरी माका आख्खा गाणा म्हणूक मिळाक होया," असं तो मला म्हणायचा.

यंदा त्याचा व्हिसा संपत आला, आणि तेवढ्यात दुबईची स्पर्धा निघाली. आखातातल्या प्रत्येक देशातून एक मराठी गायक. ओमानचा निवडायला परीक्षक बसले, आणि झाडून सगळ्यांची मुलं गाणार! मग नियम केला, आपल्या मुलाला मार्क द्यायचे नाहीत. तो सगळ्यांनी पाळला. आणि दुसऱ्यांच्या मुलांना भोपळे दिले. माझ्या सुनेने, सुचित्राने, चंद्रशेखरांच्या कौशिकचा भोपळा तर चांगला गोल काढला. तिकडून माझ्या नातीला, रेवालाही तसाच आला.

मार्क होते एकट्या रामकृष्णाला. मार्क कसे द्यायचे ह्याची तालीम म्हणून आधी त्याच्या त्या एका ओळीला सगळ्यांनी दोन-दोन दिले होते.

"म्हणजे हा पहिला?" सुचित्रा किंचाळली. "अहो, बेसूर आहे तो!"

"आहेच," चंद्रशेखर म्हणाले. "पण तुमची रेवा जाण्यापेक्षा बरा."

"तुमच्या कौशिकपेक्षाही बरा!"

झालं एकमत.

दुबईत तो डोळे मिटून आख्खं गाणं गायला. शेवटचा आला. परतल्यावर मात्र धावत माझ्याकडे. "आजी, गंगून म्हशीपुढे फोन धरल्यान. म्हशीन दूध दिल्यान!"

तो कायमचा गावी जायच्या दिवशी मंडळात मुलांचा कार्यक्रम होता. बॅग दाराशी ठेवून त्याने माइक लावला. "हॅलो, हॅलो," आणि एक ओळ.

"खलास, रामकृष्ण!"

त्याने माइक कौशिकच्या उंचीला खाली केला आणि बॅग उचलली.