शब्दांच्या शेपट्या

"ऐक," एवढंच काकू म्हणायच्या, आणि आपल्या कानातलं इअरफोनचं एक टोक काढून, पदराला पुसून, सरळ माझ्या कानात घालायच्या. मी हो म्हणेपर्यंत थांबणं वगैरे नाही. मी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत असले तरी नाही. दुसरं टोक त्यांच्याच कानात असल्यामुळे आम्ही दोघी एका वायरीने बांधल्यासारख्या जिन्यात उभ्या राहायचो, आणि माझ्या कानात कोणीतरी भरल्या गळ्याने सांगत असायचं की विहिरीतून एक हात वर आला.

"कळलं का?"

"हात वर आला."

"हाताचं नाही गं विचारत. हा माणूस वाचतोय की घाबरवतोय?"

तुमच्याही इमारतीत एखाद्या काकू असतील. कोणी लोणचं देतात, कोणी सल्ले देतात. आमच्या नाशिकरोडच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीतल्या काकू भुतं ऐकवायच्या. त्या दुसऱ्या मजल्यावर, मी त्यांच्या बरोबर खाली. नोकरी टेलिफोन खात्यात झालेली. उमेदीची सगळी वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडण्यात गेली. "हॅलो म्हटल्यावर मला कळायचं, हा बायकोशी बोलणारे की सावकाराशी," असं त्या सांगायच्या. त्यात खरं किती, देव जाणे. पण कानाचा अभिमान मात्र भारी.

निवृत्तीनंतर नातीने मोबाईलवर पुस्तकं ऐकायचं ॲप टाकून दिलं. तिला वाटलं, आजी बाबासाहेबांची चरित्रं ऐकेल, धम्मावरची प्रवचनं ऐकेल. आजीने तीही ऐकली. मग एक दिवस चुकून बोट भलतीकडे पडलं आणि ओसाड दवाखान्यातली एक भुताची गोष्ट सुरू झाली. त्यानंतर काकू मागे फिरल्या नाहीत.

त्यांच्या लेखी गोष्टी दोनच प्रकारच्या: भुताच्या आणि सरकारी. सरकारी म्हणजे ज्यात जग बिघडलंय, पाण्यावर पहारा आहे, भिंतींना कान आहेत आणि माणसांना नावाऐवजी नंबर आहेत. "यात भिण्यासारखं काय आहे?" त्या म्हणायच्या. "आमच्या खात्यात नावाने हाक कोण मारायचं? नंबरच होता." तरी ऐकायच्या मात्र मन लावून. भुताची गोष्ट पोळ्या लाटताना, सरकारी गोष्ट भाजी निवडताना.

गोष्ट कशी आहे, हे त्यांना कधी विचारायचं नाही. विचारायचं, वाचलीय कशी. मग गाडी सुटायची.

"भूत आपलं आपण घाबरवतं. वाचणाऱ्याने मध्ये पडू नये."

"मागे सारखं दार करकरतंय. अरे, तेल घाला कोणीतरी त्या बिजागरीला!"

"हा बायकांचे आवाज काढतो. बायका अशा बोलतात? सर्दी झालेली म्हैस वाटते."

सरकारी गोष्टी वाचणाऱ्यांवर तर विशेष राग. "पहिल्या ओळीपासून रडका सूर. जग संपणारे हे याला आधीच माहीत, मग मी कशाला ऐकत बसू? वाईट दिवस काय सूर लावून येतात? साधं वाचावं. रेशनच्या दुकानाची वेळ सांगतोय, असं."

हे सगळं त्या ॲपवर लिहायच्याही, वर चांदण्या देऊन. एकाला लिहिलं होतं, "वाचकाने जेवून वाचावे." एकाला, "आपण किंचाळलात तेव्हा माझे दूध उतू गेले." चांदणी एक.

एकच वाचक त्यांना पसंत होता. खर्जातला, संथ आवाज. "भोगलेला माणूस आहे," त्या म्हणायच्या. "साठीच्या पुढचा. बायको गेलेली असणार." मी सहज त्याचा फोटो शोधून दाखवला. पंचविशीचा पोरगा, डोक्यावर उलटी टोपी, हातात गिटार. काकूंनी चष्मा वर-खाली करून फोटो बघितला आणि मोबाईल परत दिला. "फोटो चुकून दुसऱ्याचा लागलाय."

आणि एवढी भुतं पचवणारी ही बाई पालीला भ्यायची. एकदा त्यांच्या हाकेने मी धावत वर गेले, तर काकू दिवाणावर उभ्या, कानात इअरफोन तसाच, आणि बोट ट्यूबलाईटकडे. मी झाडूने पाल हाकलली. "भूत मोबाईलमधून बाहेर येत नाही गं," खाली उतरत त्या म्हणाल्या, "पाल येते."

घरात दुसरं माणूस म्हणजे काका. देवळाली कॅम्पला तोफखान्यात हवालदार होते. तोफांनी त्यांचे कान नेले. श्रवणयंत्र होतं, पण ते कपाटात. "त्यात भांडीच जास्त वाजतात," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्या घरात सगळा संसार ओरडून चालायचा. आज वांगी आहेत की गवार, हे काकांच्या आधी मला कळायचं. एकदा मी काकूंना विचारलं, की तुम्हाला हळू वाचणारेच का आवडतात? त्या म्हणाल्या, "दिवसभर मी ओरडते, हे ओरडतात. कोणीतरी हळू बोलावं माझ्याशी, असं वाटतं की नाही माणसाला?" आणि लगेच आत वळून गरजल्या, "अहो, चहा!"

मग गेल्या वर्षी उन्हाळ्यात वाचक बिघडायला लागले.

"अलीकडे सगळेच शब्दांच्या शेपट्या खातात," काकू म्हणाल्या. "अर्धा शब्द तोंडात, अर्धा पोटात." एकेकाची चांदणी जायला लागली. 'पुटपुटू नये.' 'तोंडातली सुपारी काढून वाचावे.' शेवटी त्यांच्या त्या भोगलेल्या माणसावरही पाळी आली. "तोही वाया गेला," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, घरातलं कोणी बिघडल्याचं दुःख होतं. "ऐक."

मी ऐकलं. आवाज स्वच्छ होता. शब्द न् शब्द, शेपटीसकट.

"नाही का?" त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"इअरफोन जुना झालाय बहुतेक," मी म्हटलं.

त्यांनी नवा आणला. नव्यातही सगळे शेपट्या खातच होते. मला तोवर कळून चुकलं होतं. पण ज्या बाईने आयुष्यभर कानाची भाकरी खाल्ली, तिला हे सांगायचं कोणी आणि कसं? मी कंपनीतून आले की जिना गुपचूप चढायला लागले.

सांगितलं काकांनी. संध्याकाळी मी गच्चीवरून उतरत असताना मला त्यांच्या दारासमोरच जिन्यात गाठलं, दोन्हीकडे नीट बघून घेतलं, माझ्या कानाजवळ वाकले आणि अगदी गुपित सांगावं तसं सांगितलं. फक्त काकांना आपला आवाज किती मोठा आहे, हे कधी कळत नसे.

"तुझ्या काकूला ऐकू कमी येतंय! आधी स आणि श जातात! मग पाखरं! माझं असंच झालं होतं! तिला एकदम सांगू नकोस, हां!"

तळमजल्यावरच्या भाभी शिलाई मशीन सोडून दारात आल्या. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी वाकून बघितलं. आणि काकांच्या मागचं दार उघडलं. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या, हात पिठाचे.

"हे बरं ऐकू आलं मला," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. काका बाहेरच राहिले. त्यांना काय झालं ते मी हातवारे करून सांगितलं, तेव्हा ते मटकन पायरीवर बसले.

त्या आठवड्यात वरून एकही आवाज आला नाही. ओरडणं नाही, चहा नाही, वांगी नाहीत. छतावर एवढी शांतता मला सोसेना. मग एका सकाळी दोघं रिक्षात बसून कानाच्या डॉक्टरकडे गेले. दुपारी मी वर गेले, तर काकू दिवाणावर बसल्या होत्या आणि काका स्वयंपाकघरात खिचडीचा अंदाज घेत होते.

"दोन्ही कान," त्या म्हणाल्या. "यंत्र लावायला सांगितलंय." बराच वेळ भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. पण त्या म्हणाल्या, "किती लोकांना मी नावं ठेवली गं. पोरं बिचारी घसा फोडून वाचत होती. शेपट्या मीच खात होते."

मग त्यांनी जे केलं, ते मी तरी दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेलं नाही. मोबाईल घेऊन बसल्या आणि त्या उन्हाळ्यात दिलेला एकेक शेरा शोधून काढला. जिथे जिथे एक चांदणी होती तिथे पाच केल्या, आणि खाली लिहिलं, "दोष माझ्या कानाचा होता. वाचक उत्तम आहे. क्षमस्व." मी शेजारी बसून जोडाक्षरं सांगत होते. एका वाचकापाशी मात्र त्यांचं बोट थांबलं.

"याचं राहू दे."

"का?"

"हा कान चांगले होते तेव्हापासून वाईट आहे."

यंत्र आलं. पण त्या यंत्रावर इअरफोन काही नीट बसेना, आणि मोबाईल मोठ्याने लावला तर सगळी भुतं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटायची. मग सकाळी एक-एक प्रकरण, कान मोबाईलला चिकटवून, तेच तेच दोनदा ऐकत त्या कसंबसं पुरं करायच्या आणि दमायच्या. पोळ्या लाटताना ऐकणं तर संपलंच. काका ते बघत असावेत. एके दिवशी संध्याकाळचा चहा गॅलरीत घेताना त्यांनी विचारलं आणि अर्थातच मला खाली ऐकू आलं.

"एवढी वर्षं काय ऐकत होतीस? मला सांग की एखादी!"

काकूंनी सांगायला घेतलं.

आता ज्या बाईने अख्ख्या महाराष्ट्रातल्या वाचकांना साधं वाचायला शिकवलं, ती कशी सांगत असेल? ऐका. दार कर्रर्र वाजायचं. कुत्रं भुंकायचं. म्हातारीचा आवाज वेगळा, पोलिसाचा वेगळा. भूत आलं की काकूंचा आवाज चौकापर्यंत जायचा. काकांच्या हातातली कपबशी खडखडायची. तोफांपुढे उभा राहिलेला माणूस "पुढे? पुढे?" करत खुर्चीच्या टोकाला यायचा. त्या वेळेला खाली भाभींचं मशीन बंद पडायचं, तिसऱ्या मजल्यावरचा टीव्ही बंद व्हायचा आणि मी गॅलरीत वाळलेले कपडे पुन्हा पुन्हा काढत राहायचे.

"काकू, घाबरवताय," मी एकदा म्हटलं.

"गप्प बस. समोरचा बहिरा आहे."

पावसाळा संपता संपता शेवटची मोठी गोष्ट झाली, सरकारी प्रकारातली. एका शहराभोवती कोट आहे, आणि ज्यांचा काही उपयोग उरला नाही अशा म्हाताऱ्यांना कोटाबाहेर काढायचा तिथे नियम आहे. एका वेळी एक. बाहेर काय आहे, कोणाला माहीत नाही. एका म्हाताऱ्याची पाळी येते. त्याच्या बायकोची अजून आलेली नसते. रोज संध्याकाळी थोडी थोडी चालली होती. भाभी मला सकाळी पाण्याच्या वेळेला विचारायच्या, "आज भेजेंगे क्या उसको?" शेवटच्या संध्याकाळी फाटक उघडलं, म्हातारा निघाला, आणि म्हातारी शिपायाच्या हाताखालून सटकून, भाकरीचं फडकं घेऊन त्याच्यामागे धावली. आणि कोटाबाहेर बघतात तर काय, समोर सिन्नरची एसटी उभी! दोघं बसली. गाडी सुटली. गोष्ट संपली. काकांनी टाळ्या वाजवल्या. खाली भाभींनीही वाजवल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलगी नागपूरहून आली आणि दोघांना घेऊन गेली. तिचं घर तळमजल्यावर आहे, आणि जिना आता काकांच्या गुडघ्यांना झेपत नव्हता. सामान गेलं. काकूंनी निघताना सगळ्या दारांशी थांबून जयभीम केला, भाभींना शिवलेल्या पडद्यांबद्दल परत एकदा छान म्हटलं आणि रिक्षात बसल्या. वर आता कुलूप आहे. आमच्या इमारतीत कोणी ओरडत नाही, आणि कोणाच्या घरी काय शिजतं हे कोणाला कळत नाही.

भाभींना ती गोष्ट बहिणीला ऐकवायची होती, म्हणून मी पुस्तकाचं नाव शोधलं आणि अंबडला जाता-येता कंपनीच्या बसमध्ये स्वतःच पहिली ऐकून काढली. वाचणारा तोच, उलट्या टोपीवाला. खरंच फार चांगला वाचतो. फाटक उघडतं. म्हातारा एकटाच बाहेर जातो. म्हातारी आतल्या बाजूने कोटाला हात लावून उभी राहते. फाटक बंद होतं. बस्स.

मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. मग काकूंनी गॅलरीत सांगितलेल्या बाकीच्याही दोन-तीन काढून बघितल्या. विहिरीच्या गोष्टीत सून जगत नाही. दवाखान्यातला रखवालदार घरी पोचत नाही. आमच्याकडे सगळे पोचले होते.

त्याच संध्याकाळी मी नागपूरला फोन लावला.

"काकू, पुस्तकात एसटी नाही."

त्या म्हणाल्या, "नसेल. लिहिणाऱ्याला सिन्नर माहीत नसेल."

"काकू."

"अगं, मग काय सांगणार होते मी यांना?" त्यांनी आवाज खाली आणला. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "म्हातारा एकटा गेला आणि ती बघत राहिली, असं सांगू? रात्री झोपले असते का हे? आणि मी तरी?"

तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला. तो फोनशिवायही नाशिकपर्यंत आला असता.

"कोण आहे?"

"नाशिकरोडची, खालची!" काकू ओरडल्या. "त्या एसटीचं विचारतेय!"

"हां! मग? म्हातारीला बसायला जागा मिळाली का?"

"मिळाली!" काकूंनी सगळं नागपूर हलवलं. "खिडकीची!"