कामलिनच्या लग्नाचे केक

माक उस्तादांच्या केकशिवाय दक्षिणेकडच्या सायग्वान पेठेतल्या एकाही मुलीचं लग्न लागलेलं नाही, असं गल्लीत म्हणत. थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नाही. पन्नास वर्षं हा माणूस डुकराच्या चरबीत कमळबियांचा गर परतत आला. ड्रॅगन आणि फिनिक्स कोरलेल्या लाकडी साच्यात तो लग्नाचे केक दाबायचा, भाजून तांबड्या खोक्यांत भरायचा, आणि मुलीकडचे ती खोकी घरोघर वाटायचे. खोकं पोचलं की लग्न झालं. सही-शिक्का काय, तो सरकारला लागतो.

केक मागवायचे मुलाकडच्यांनी. मुलीच्या बापाने आपणहून करून वाटले, तर मुलगी गळ्यात मारल्यासारखं दिसतं. आणि नवरीने आपल्या लग्नाचा केक तोंडात घालायचा नाही, आपलं सुख आपणच खाल्ल्यासारखं होतं. हे उस्तादांनी किती नवरीमुलींना दटावून सांगितलं असेल!

त्यांची स्वतःची एकुलती एक मुलगी कामलिन. आई लवकर गेली, पोर दुकानातच वाढली. तिने पार उत्तरेकडचा, हार्बिनचा मुलगा पसंत केला. हाइबो त्याचं नाव. उस्तादांनी हरकत घेतली नाही. त्यांनी कमळबिया भिजत घातल्या, साच्याला तेल लावलं आणि मुलाकडच्यांच्या निरोपाची वाट पाहत बसले. निरोप आलाच नाही. उत्तरेत अशी रीत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि केकवाल्यानेच केकची आठवण करून द्यायची म्हणजे भीक मागण्यातला प्रकार. ते मूग गिळून बसले. कामलिनही बसली. शेवटी तिने कचेरीत सही केली आणि ती उत्तरेला निघून गेली. आंबलेल्या बिया उस्तादांनी कालव्यात ओतल्या, साचा फडताळात टाकला आणि लोकांच्या मुलींसाठी नवा साचा आणला.

नव्या वर्षाला तिचा फोन येई. "जेवलीस का?" एवढं विचारून ते ठेवून देत. अशी अठरा वर्षं गेली. हा निव्वळ ताठा होता, त्याला दुसरं गोंडस नाव देण्यात अर्थ नाही.

मग हात थरथरू लागले. शरदातल्या पौर्णिमेचा सण झाला की दुकान बंद, असं त्यांनी ठरवलं. समोर वाटीत वाफवलेले तांदळाचे गोड केक काड्यांना टोचून विकणाऱ्या लाउ काकूंनी ही बातमी परस्पर हार्बिनला कळवली. त्या बाईच्या पोटात काही राहत नाही, एवढ्यापुरतं ते बरंच झालं.

एका सकाळी उस्तादांना काचेतून मुलगी दिसली. केस पिकायला लागले होते. शेजारी उंचापुरा हाइबो. ती प्रत्येक गाडीपाशी थांबत होती. आधी तिळाची सुरळी घेतली, मग खरवसासारखं थिजवलेलं दूध, मग लाउ काकूंची वाटी. तिने एक घास खायचा आणि उरलेलं नवऱ्याच्या हातात द्यायचं. पोर खायला थांबत नाही, आत यायला भितेय, हे बापाला कळलं. तरी ते जागचे हलले नाहीत.

"अगं ए, पोट फुटेल त्याचं!" लाउ काकू ओरडल्या. "बाप काय गिळणार आहे तुला? जा आत!"

ती आत आली. बापलेक एकमेकांकडे बघेनात. हाइबोच बिचारा काहीतरी बोलायचं म्हणून फळीवरच्या तांबड्या खोक्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बाबा, सगळं चाखलं, हे तेवढं राहिलं."

"ते चाखायला मिळत नाही. लग्नाचे केक आहेत. मुलाकडचे मागवतात."

"लग्नाच्या वेळी?"

"मग काय बारशाला?"

हाइबो बायकोकडे वळला. "मी उत्तरेकडचा म्हणून बाबा बोलत नाहीत, असं वाटायचं मला. तू सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? केकवाल्याची पोरगी केकसाठी अडून बसली, असं झालं असतं. बाबांनी सांगायचं ना!"

"मी?" उस्ताद म्हणाले. "बाप मागतो का कधी?"

उस्तादांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

हाइबोने हातातल्या काड्या ठेवल्या, हात पुसले आणि सरळ उभा राहिला. "उस्ताद, मुलाकडून आलोय. तुमच्या मुलीच्या लग्नाचे केक हवेत. गल्लीत जेवढी घरं, तेवढी खोकी."

"आता काय त्याचं," कामलिन पुटपुटली.

उस्तादांनी स्टूल ओढलं आणि फडताळातून जुना साचा काढला. फिनिक्सच्या पंखाला चीर गेली होती. ते बराच वेळ त्याला तेल चोळत राहिले.

दोन दिवस भट्टी पेटलेली होती. गर कामलिनने परतला. उस्तादांचा हात थरथरे, म्हणून साचा हाइबोने दाबला, त्याच्या हातावर त्यांचा हात. लाउ काकूंनी दारोदार खोकी पोचवली.

"माकांच्या कामलिनचं लग्न झालं!"

"आता?"

"आता. खा मुकाट्याने."

शेवटचा ट्रे बाहेर आला. कडेचा एक केक फुटला होता. लहानपणापासूनच्या सवयीने कामलिनने त्याचा तुकडा उचलला आणि तोंडाकडे नेला. उस्तादांनी तिच्या हातावर फटका मारला.

"ठेव तो. नवरी आहेस ना तू?"

कामलिनने तुकडा खाली ठेवला आणि बापाच्या पिठाळ खांद्यावर डोकं टेकून ती रडली.