पुसून धाडलेली पानं

हमीदचाचांची आणि माझी ओळख झाली तेव्हा त्यांनी सर्वांत आधी माझा चष्मा काढून घेतला. मी मांजरसुंब्याच्या चौकात एसटीतून उतरलो होतो. पाठीवर भलीमोठी बॅग, हातात वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आणि समोर लिंबाखाली एका गाड्यावर सीताफळांची रास. "काय भाव?" एवढंच मी विचारलं. गाड्यामागच्या पासष्टीच्या गृहस्थांनी भाव सांगितलाच नाही. हात लांबवून माझ्या नाकावरचा चष्मा उचलला, खांद्यावरच्या लाल चौकड्यांच्या दस्तीने दोन्ही काचा पुसल्या, उजेडात धरून पाहिल्या आणि पुन्हा माझ्या नाकावर नीट बसवला. "आता बगा माल," ते म्हणाले. "धुळीतून बगितलं तर कुनाचाबी माल खराबच दिसतो."

आमच्या बीडकडे रुमालाला दस्ती म्हणतात. चाचांच्या खांद्यावर ती नाही असं मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं. गिऱ्हाइकाला बसायला स्टूल द्यायचं तर आधी ते पुसायचं. चहा आला की कप बाहेरून पुसायचा. तराजू तर दिवसातून पन्नास वेळा. सीताफळासारखं खवल्याखवल्यांचं फळ, त्याच्या प्रत्येक खाचेतून ते दस्तीचं टोक फिरवीत, एखाद्या लेकराचे कान साफ करावेत तसं. हायवे समोरच, ट्रकांची रीघ अखंड, त्यामुळे शेवटचं फळ पुसून होईपर्यंत पहिल्यावर पुन्हा थर बसलेला असे. "धूळ म्हंजी बिनबुलाया मेहमान," ते म्हणत. "येतो, बसतो, जायचं नाव घेत न्हाई. पन म्हनून आपन उटवायचं सोडावं का?"

मी नेमका त्याच मेहमानाच्या पाहुणचारावर पीएच.डी. करत होतो. हवेतली धूळ, धूर यांच्यापैकी बरंचसं पावसाची वाट न बघता गुपचूप खाली उतरतं. पानांवर, मातीवर, पत्र्यांवर बसतं. किती बसलं हे कळल्याशिवाय हवेत किती उरलं आणि उद्याची हवा कशी असेल, हे सांगता येत नाही. आणि किती बसणार हे खालच्या जमिनीवर ठरतं. तिथे उंच ऊस आहे की उघडं ढेकूळ, पान गुळगुळीत आहे की लवदार, माती ओली की कोरडी. आम्ही पुण्यात बसून कॉम्प्युटरवर अख्ख्या जिल्ह्याचे चौकोन पाडले होते आणि प्रत्येक चौकोनात कापूस, ऊस, डोंगर असं भरलं होतं. मी मूळचा तेलगावचा, म्हणून बीडचे चौकोन माझ्या वाट्याला आले. कॉम्प्युटर सांगतो तेवढी धूळ पानांवर खरंच बसते का, हे आता जागेवर मोजायचं होतं.

चाचांची दीड एकर सीताफळाची बाग हायवेच्या मागेच, डोंगराच्या उताराला होती. मी त्यांना लॅपटॉपवर नकाशा दाखवला. त्यांनी आधी स्क्रीन पुसला, मग निरखून पाहिलं.

"ह्यो आमचा डोंगर का? बारा म्हयने हिरवा कावून दावलाय?"

"चाचा, तिथे झाडं आहेत ना, म्हणून."

"झाडं हायेत. पन फागुनात येऊन बगा. बकरीला सावली घावत न्हाई."

मी हसून विषय बदलला. मला वाटलं, चाचांना काय कळतंय. विद्यार्थी असताना माणसाला असं बरंच काही वाटतं.

चाचांनी मात्र काम मनावर घेतलं. काम सोपं होतं. मी झाडांच्या काही फांद्यांना लाल दोरे बांधून दिले. दर शनिवारी त्या फांद्यांची पानं देठापासून अलगद तोडायची, पिशवीत घालायची आणि पुण्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची. पुण्यात मी ती शुद्ध पाण्याने धुणार, ते पाणी गाळणार आणि गाळात सापडलेल्या धुळीचं वजन करणार. चाचांना मी शुद्ध पाणी, गाळणी, वजनकाटा सगळं समजावलं. एक गोष्ट सांगायची राहिली, कारण ती सांगावी लागेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

पिशव्या इतक्या नेमाने येत की कंडक्टर मंडळी मला नावाने ओळखू लागली. चाचांनी चौकात माझी ओळख 'डाक्टरसायब' अशी करून दिली होती. मी म्हणालो, अजून झालो नाही. "होनारच की," ते म्हणाले, "आमी पानं धाडतोय ना!" परिणाम असा झाला की मी तिथे गेलो की दोनतीन ट्रकड्रायव्हर खोकून दाखवत.

पण पिशव्यांतली धूळ? जवळजवळ नव्हतीच. एक आठवडा, दोन, सात आठवडे. गाळणीचा कागद शुभ्रच्या शुभ्र. कॉम्प्युटर म्हणत होता की हायवेच्या इतक्या जवळ पानांवर चांगला थर हवा. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "एक तर तुझं मॉडेल चुकलंय, नाही तर सीताफळाच्या पानावर धूळ टिकत नाही." मला दुसरी शक्यता आवडली. रात्रंदिवस खपून मी 'सीताफळाचे पान आणि धुळीचा अभाव' या विषयावर अख्खं प्रकरण लिहिलं. पानाचा गुळगुळीतपणा, कोन, वाऱ्याची झुळूक, सगळी कारणं जमवली. ते प्रकरण इतकं छान झालं होतं की आजही मला त्याची हळहळ वाटते. प्रबंध द्यायची मुदत पुढच्या उन्हाळ्यात संपत होती आणि एकदा वाढवून घेतलेली असल्यामुळे पुन्हा मिळणार नव्हती.

चाचांचे आभार मानावेत म्हणून एका शनिवारी मी न कळवता गेलो. ते बागेत झाडाखाली मांडी घालून बसले होते. पुढ्यात तोडलेली पानं. एकेक पान उचलून, त्यावर 'हा' करून वाफ सोडून, दस्तीने आधी वरून आणि मग खालून पुसत होते. पुसलेलं पान पिशवीत, पुढचं हातात.

"चाचा! हे काय करताय?"

"या या डाक्टरसायब! काय म्हंजी? पुन्याला धाडायचं हाय. तितं मोटी मानसं बगनार. अशी धुळीनं भरलेली पानं धाडली तर काय म्हनतील? बीडच्या मानसाला रीतच न्हाई म्हनतील."

"दर वेळी पुसलीत?"

"एकबी न्हाई सोडलं," ते अभिमानाने म्हणाले.

मला शेवटची आशा सुचली. "पुसलेल्या दस्त्या कुठायत? तीच धूळ मोजतो."

"धुतल्या की! घान तशीच ठिवू का?"

मी तिथेच मातीत बसलो आणि नको ते बोलून गेलो. माझी वर्षं, माझी डिग्री, सगळ्याचं वाटोळं केलंत असं काहीतरी. चाचांचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो आणि अजून लाज वाटते. मग दस्ती बाजूला ठेवून ते म्हणाले, "पानं झाडावर अजून हायेत. पुन्ना करता येतं का?"

येत होतं. पान गळेपर्यंतचे आठवडे हातात होते. पण चाचांना न पुसता पान तोडायचं होतं, आणि हे किती अवघड होतं ते त्यांच्या बायकोने, सकीनाचाचींनी, मला नंतर सांगितलं. शनिवारी डोंगराकडे निघताना चाचा दस्ती त्यांच्याकडे देऊन जात. पहिल्या शनिवारी अर्ध्या वाटेतून परत आले आणि म्हणाले, सदऱ्याची बाही हाय, हिचा भरवसा न्हाई. मग बाह्या कोपराच्या वर दुमडून गेले. "आयुष्यात इतका घान माल कुनाला दिला न्हाई," असं चिठ्ठीत एका कंपाउंडरकडून लिहवून त्यांनी पिशवीसोबत धाडलं होतं. त्या पिशवीचं पाणी चहासारखं निघालं. मी प्रयोगशाळेत एकटाच नाचलो.

आकडे कॉम्प्युटरच्या जवळ जाऊ लागले. मग माघात पुन्हा घसरले. कॉम्प्युटर बागेवर तेवढीच धूळ बसते म्हणत होता, पिशव्या मात्र हलक्या होत होत्या. मी घाबरत फोन केला. "चाचा, खरं सांगा..."

"पुसली न्हाई! अल्लाकसम! पानंच गळाया लागलीत. पान न्हाई तर धूळ बसंल कुटं? तुमाला म्हनलं हुतं ना, बकरीला सावली घावत न्हाई."

म्हटलं होतं खरं. आमच्या चौकोनात तो डोंगर बारमाही हिरवा होता. मी पानगळ भरली, हिशेब पुन्हा चालवला आणि आकडे जुळले. माझ्या प्रबंधातलं जे थोडंफार नवं आहे ते एवढंच, आणि ते चाचांनी पहिल्याच दिवशी फुकट सांगितलं होतं.

प्रबंध द्यायच्या आठवडाभर आधी तो दाखवायला मी मांजरसुंब्याला गेलो. आमची समोरासमोरची ती शेवटची भेट ठरेल हे कुणाला माहीत. प्रबंध इंग्रजीत, मी पानं उलटत मराठीत सांगत होतो. मोजमापाच्या प्रकरणात मी लिहिलं होतं, पहिल्या सात आठवड्यांचे नमुने तांत्रिक कारणांमुळे वगळले आहेत.

"तांत्रिक म्हंजी?" चाचांनी विचारलं.

"म्हणजे... यंत्राबिंत्राची काही अडचण."

"यंत्रानं काय केलं बिचाऱ्यानं? पानं मी पुसली. माजं नाव लिवा."

"चाचा, कशाला? तुमची इज्जत..."

"न्हाई. नाव न्हाई लिवलं तर लोक म्हनतील पोरानं काय तरी लपवलं. इल्जाम तुमच्यावर यील. शेख हमीदनं पुसली, पुसू नये हे त्याला ठाव न्हवतं, असं लिवा. खोटं हाय का ह्यात?"

मॅडमना ते वाक्य पसंत नव्हतं. परीक्षक बाकीच्या पानांवरही शंका घेतील, त्या म्हणाल्या. भीती मलाही होती. तरी मी लिहिलं.

आणि तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. वाक्य नावासकट मोठ्याने वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारलं, "ज्या माणसाने सात आठवडे पानं पुसली, त्याच्या पुढच्या पानांवर आम्ही विश्वास का ठेवावा?"

तयारी केलेली सगळी उत्तरं मी विसरलो. म्हणालो, "सर, मी ही गोष्ट लपवली होती. त्यांनी हट्टाने लिहायला लावली. माझ्यापेक्षा त्यांच्यावर ठेवा."

त्यांनी ते पान उलटलं. मग म्हणाले, "पुढचं प्रकरण घेऊ."

बाहेर येऊन मी आधी चाचांना फोन लावला. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "माजं नाव वाचलं का सायबानं?"

"वाचलं."

"मोट्यानं?"

"मोठ्यानं. सगळ्यांसमोर."

"मंग झालं," चाचा म्हणाले, आणि त्यांनी सोडलेला श्वास मला फोनवर ऐकू आला. "आता तुमच्यावर काय न्हाई."

पास झालो का, हे त्यांनी विचारलंच नाही. मीच सांगितलं. म्हणालो, पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन येतो. तो आठवडा त्यांना मिळाला नाही. चार दिवसांत झोपेतच गेले. पण तेव्हा फोनवर ते खुशीत होते. "या," ते म्हणाले, "पन डबा झाकून आना. रस्त्याला लई धूळ हाय."