कुबट वाइन

योकोहामाच्या एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये फ्रेंच खाद्यमेळा भरला, तेव्हा मी तिथे दुभाषी म्हणून काम केलं. नवऱ्याच्या आयटी कंपनीने आम्हाला जपानला आणलं होतं. मुलं शाळेत रुळली होती, माझं जपानी बरं चाललं होतं आणि घरात बसून मी रिकाम्या डब्यांनासुद्धा लेबलं लावायला लागले होते.

आमचा स्टॉल एका जुन्या फ्रेंच घराण्याचा. पिढ्यान्‌पिढ्या स्वतःचे द्राक्षमळे, स्वतःची वाइन आणि मळ्यातच ब्रँडीची लहानशी भट्टी. मालक म्हातारे, फक्त फ्रेंच बोलणारे. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. ती इंग्रजीत सांगायची, मी जपानीत. म्हाताऱ्यांचा विनोद गिऱ्हाइकापर्यंत पोचेतो थंड व्हायचा, म्हणून ते आधीच हसून घ्यायचे.

एका दुपारी त्यांनी नवी बाटली उघडली, ग्लास नाकाशी नेला, पसंतीची मान डोलावली आणि एका जपानी आजोबांना दिला. मला लांबूनच वास आला, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. बूच खराब असलं की वाइन अशी कुबट होते, हे मला त्यांच्या मुलीनेच शिकवलं होतं. आजोबांनी घोट घेतला, वाकून "छान आहे" म्हणाले. इथली सभ्यता.

मग जेवणाच्या सुट्टीतलं आठवलं. माझ्या डब्यातल्या हिंगावरून शेजारची चीजवाली ओरडली होती, "अहो, माझ्या चीजने हार मानली!" म्हातारे डब्याला खेटून बसले होते, शांतपणे ब्रेड खात.

पडद्यामागे मी मुलीला गाठलं. "तुमच्या बाबांना वास येत नाही."

ती ग्लास पुसत राहिली. "माहीत आहे. गेल्या हिवाळ्यापासून."

"मग भट्टी?"

"तेच पेटवतात. रात्रभर एकटे बसतात. नळीच्या सांध्यातून दारूची वाफ सुटली तर दिसत नाही, फक्त वास येतो. आणि खाली जाळ असतो."

"तुम्ही बसा ना सोबत."

"मी बसले की त्यांना कळेल, मला कळलंय. मग ते भट्टीत पाऊल ठेवणार नाहीत. आणि त्याशिवाय जगणार नाहीत."

"आणि असे जगतील?"

ती ग्लास घेऊन बाहेर निघाली. बाहेर आलो तर म्हाताऱ्यांनी आजोबांच्या खांद्यावर हात टाकला होता. ते काहीतरी उत्साहाने म्हणाले. मुलगी थांबली, मग सपाट आवाजात मला म्हणाली, "बाबा म्हणतात, हिवाळ्यात या. रात्री भट्टीशेजारी बसवतो तुम्हाला."

मी तिच्याकडे पाहिलं.

"सांगा," ती म्हणाली.

मी सांगितलं. आजोबा खुलले. बायकोला आणलं तर चालेल का, त्यांनी विचारलं.

तो प्रश्न मी तिला इंग्रजीत दिला. तिने तो पुढे नेलाच नाही. "आजोबांना सांगा, भट्टीशेजारी बसायला मीही असेन. दर रात्री."

म्हातारे हसत आमच्या तोंडांकडे पाहत होते, काय ठरलं ते आपल्याला कोणी सांगेल म्हणून.