वहिनीच्या मोबाईलमधली बाई

आमच्या वहिनीइतकं शिस्तबद्ध गर्भारपण अख्ख्या वऱ्हाडात आजवर कोणी काढलं नसेल. अमरावतीच्या एका कोचिंग क्लासात ती गणित शिकवते. सातव्या महिन्यात शिंकलं, हसलं की लघवी गळू लागली, तेव्हा रडत बसण्याऐवजी तिने मोबाईलमध्ये लघवी धरणाऱ्या स्नायूंच्या व्यायामाचं एक अ‍ॅप घेतलं. त्यातली बाई सरकारी घोषणेच्या थाटात हुकूम सोडते, ‘आवळा. धरून ठेवा. सोडा.’ मग वहिनी ऑटोत असो की फळ्यापुढे, जागच्या जागी समाधी लावते. एकदा भाजीवाली घाबरून म्हणाली, ‘ताई, वांगे पसंत नाई काय? असं तोंड काहून केलं?’ घरात विनोदाला बंदी होती. दादाने नुसतं तोंड उघडलं की ही म्हणायची, ‘हासवू नोका, अ‍ॅपमंदी आलेख बिघडते माया.’

हे फक्त दादाला आणि मला ठाऊक. अकोल्याला राहणाऱ्या आमच्या आईला कळलं तर ती वहिनीला तिकडे नेऊन बाळंतपणापर्यंत झोपवून ठेवणार आणि क्लासची नोकरी जाणार, हे ठरलेलं. आपल्या थोर संस्कृतीत गर्भारणीच्या ओटीत नारळ, खारका आणि दुनियेचे सल्ले मावतात; तिच्या लघवीचा मात्र उच्चारही मावत नाही. मी संतापून यावर पत्रक काढायला निघाले. वहिनी म्हणाली, ‘छाप ना! अन् वाटाले मलेच पाठव. चालता चालता प्रात्यक्षिकही दाखवतो.’

अकोल्याला डोहाळजेवण झालं. पाटावरच्या गर्भारणीला हसवल्याशिवाय आमच्याकडच्या बाया जेवत नाहीत. मामीने दादाच्या चालीची नक्कल केली. फुलांनी मढलेली वहिनी परीक्षेतल्या पर्यवेक्षकाचा चेहरा करून बसली. तेवढ्यात तिच्या मांडीवरचा मोबाईल गरजला, ‘आवळा. धरून ठेवा.’

‘कोन व्हय हे?’ मामी दचकली.

वहिनी लाल झाली. मग सरळच म्हणाली, ‘हासलं की लघवी होते मले, मामीजी. त्याचा व्यायाम व्हय. अन् मी क्लास सोडनार नाई.’

सगळ्या आईकडे बघू लागल्या. आई वाढता वाढता थांबली, हातातलं ताट ठेवून वहिनीशेजारी टेकली.

‘क्लास कायले सोडतं? तुया नवऱ्याच्या बाळंतपणापासून मलेही होते, माय. मले वाटे, हे असंच रायते.’ मग हळूच म्हणाली, ‘त्या बाईले इचार ना, म्हाताऱ्यायले शिकवते काय?’

वहिनीने मोबाईलचा आवाज वाढवला. सासू-सुना डोळे मिटून बसल्या.

इतकी वर्षं पंगतीत सगळे पोट धरून हसायचे, तेव्हा आई दरवेळी काहीतरी आणायला म्हणून आत निघून जायची. आम्हाला वाटायचं, तिला विनोद कळत नाहीत.